परीक्षकासमोरचं काजव्यांचं झाड

रोहिणी नक्षत्र लागलं, वळवाच्या दोनचार सरी पडून गेल्या, की नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आसपास काजवे उतरतात. घाटघर, पांजरे, उडदावणे, मुरशेत या गावांच्या शिवारातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही झाडं मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत रात्री उजळत राहतात. एकेका झाडावर असंख्य काजवे, आणि पुष्कळदा ते एका लयीत पेटतात, एका लयीत विझतात. खाली उभ्या माणसाला दिसतं ते असं: अंधार, क्षणभर झाडाचा सगळा आकार, पुन्हा अंधार. कॅमेरा हे असं पाहत नाही. ट्रायपॉडवर ठेवून त्याचं शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवलं, तर तेवढ्या वेळात चमकलेला प्रत्येक काजवा आपापला ठिपका सोडून जातो आणि एकदा पडलेला ठिपका पुसला जात नाही. त्याच जागेवरून, कॅमेरा तसूभरही न हलवता, असे चाळीस-पन्नास फोटो घेतले आणि संगणकावर एकमेकांवर रचले, तर झाड हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी नखशिखांत फुलून येतं. या कामाला छायाचित्रकार स्टॅकिंग म्हणतात. आता प्रश्न असा, की हे चित्र खरं आहे का? झाडाखाली पंधरा मिनिटं बसलेल्या माणसाने यातला प्रत्येक उजेड पाहिलेला असतो. सगळे एकदम मात्र त्याने कधीच पाहिलेले नसतात. हौशी छायाचित्रण स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते नुसतं चित्र पाहून द्यावं लागतं. माझं म्हणणं असं आहे, की नुसतं चित्र पाहून ते देताच येत नाही.

भंडारदऱ्याच्या काजव्यांनी हा प्रश्न जगातल्या सर्वांत मानाच्या निसर्ग-छायाचित्रण स्पर्धेपर्यंत नेला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेची सुरुवात १९६५ सालची. २०२० साली तिथे जगभरातून सुमारे पन्नास हजार चित्रं आली होती. त्यांतून पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या ‘लाइट्स ऑफ पॅशन’ या चित्राला अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्तनाच्या विभागात विशेष प्रशंसेचा मान मिळाला. प्रौढांच्या गटात असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. चित्र होतं भंडारदऱ्याजवळच्या काजव्यांनी लगडलेल्या झाडाचं. पुढे तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच विभागात श्रीराम मुरली यांना पहिलं पारितोषिक मिळालं, तेही काजव्यांच्याच चित्राला. फक्त जंगल तमिळनाडूतलं, अनामलाईचं. ते चित्र एकोणीस सेकंदांचा एक, अशा पन्नास फोटोंच्या बेरजेतून तयार झालं होतं. म्हणजे जवळजवळ सोळा मिनिटांची रात्र एका चौकटीत आली होती. आणि हा हिशेब चित्राबरोबरच जाहीर झाला होता. पाहणाऱ्याला ठाऊक होतं, की आपण एक क्षण पाहत नसून सोळा मिनिटं पाहतो आहोत. हिशेब कळल्यावर चित्राचं मोल उतरत नाही, उलट वाढतं, कारण काजव्यांची दाटी किती याचं ते एक मोजमापच होऊन बसतं. हेच चित्र कुठल्याशा तालुक्याच्या स्पर्धेत ‘काजव्यांचा महोत्सव’ असं नाव देऊन, बाकी काही न सांगता आलं, तर परीक्षकासमोर दोनच वाटा उरतात: डोळे मिटून दाद द्यायची, किंवा बनावट म्हणून बाजूला सारायचं. दोन्ही वाटा चुकीच्याच.

चित्र आपल्यापुरतं खरंही नसतं आणि खोटंही नसतं. खरं-खोटं ठरतं ते चित्राबरोबर केलेल्या दाव्याचं, आणि दावा नेहमी शब्दांत असतो. छायाचित्रणाच्या जन्माच्याच वेळी हे एका माणसाने दाखवून दिलं होतं. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरने शोधलेली छायाचित्रणाची पद्धत जगासाठी खुली झाली. आजही तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो आणि आपल्याकडच्या किती तरी हौशी स्पर्धांचे निकाल त्याच दिवशी लागतात. फ्रेंच सरकारने दागेरला तहहयात मानधन दिलं. त्याच काळात इपोलित बायार नावाच्या पॅरिसमधल्या माणसाने स्वतंत्रपणे कागदावर चित्र उमटवायची आपली पद्धत काढली होती. तिची दखल तेवढी घेतली गेली नाही. १८४० मध्ये बायारने स्वतःचंच छायाचित्र काढलं: उघडा देह, मिटलेले डोळे, भिंतीला टेकलेलं शरीर. आणि मागच्या बाजूला लिहिलं, की हे प्रेत बायारचं आहे, सरकारने दागेरला भरभरून दिलं आणि याच्यासाठी काही केलं नाही, म्हणून या दुर्दैवी माणसाने पाण्यात जीव दिला. बायार पुढे १८८७ पर्यंत जगला. त्या चित्रात खोटं काय आहे? एक माणूस डोळे मिटून बसला होता, हे शंभर टक्के खरं. खोटं होतं ते मागच्या मजकुरात. ज्याला आपण परीक्षणातला अन्याय म्हणतो, त्याबद्दलची बहुधा ही छायाचित्रातली पहिली तक्रार. आणि तिने पहिल्याच फटक्यात सांगून टाकलं, की छायाचित्राची मागची बाजू वाचल्याखेरीज पुढची बाजू कळत नाही.

आपल्या स्पर्धांमध्ये मागची बाजू वाचायला वेळच नसतो. सलोन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांची रीत साधारण अशी असते: तीन किंवा पाच परीक्षक पडद्यासमोर बसतात, एकेक चित्र काही सेकंद पडद्यावर येतं, प्रत्येक जण बटण दाबून आकडा देतो, आकड्यांची बेरीज होते आणि ठरावीक बेरजेच्या वरचं चित्र ‘स्वीकृत’ होतं. हजारो चित्रं पाहायची तर दुसरा इलाज नाही, हे मान्य. पण या रीतीवर किती भरवसा ठेवायचा, याचा अंदाज दुसऱ्या क्षेत्रांतल्या परीक्षणावरून घेता येतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी काही वर्षं एक साधा प्रयोग केला: एकाच बाटलीतली वाइन एकाच परीक्षकासमोर, त्याच फेरीत, त्याला न सांगता तीनदा ठेवली. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. आपलाच निर्णय एका पदकाच्या मर्यादेत कायम राखू शकणारे परीक्षक दहातला एक, एवढेच निघाले. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या दोघांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, आणि तरीही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता नंतर वाजवणाऱ्यांपेक्षा कमी निघाली. हे परीक्षक अडाणी नव्हते की पक्षपातीही नव्हते. माणसाचं लक्ष, थकवा आणि तुलनेची सवय यांचाच हा परिणाम. छायाचित्रांच्या परीक्षणात हॉजसनचा प्रयोग करायला एक पैसाही लागत नाही: शंभर चित्रांत पाच चित्रं दुसऱ्यांदा, दूरच्या क्रमांकावर घालून ठेवायची आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहायचे. जी संस्था हे करील आणि निकालाबरोबर छापील, तिच्या निकालाला मी इतर दहा निकालांपेक्षा जास्त मान देईन.

काही सेकंदांत आकडा द्यायचा म्हटला, की डोळा ओळखीच्या गोष्टीकडे धावतो. नगर जिल्ह्यातल्या विषयांवर कोणती चित्रं येतात हे न पाहताही सांगता येईल. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीतल्या वृद्ध वारकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, काळ्यापांढऱ्या रंगात, पार्श्वभूमी काळीभोर. संध्याकाळच्या उन्हात धुळीतून चाललेला मेंढ्यांचा कळप आणि त्यामागे धनगराची सावली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकावर हात पसरून उभा असलेला तरुण. रेहेकुरीच्या काळविटाची हवेतली उडी. यातलं एकही चित्र वाईट नाही. ती सोपीही नाहीत. धुळीच्या कडेने येणारा उजेड नेमका पकडायला हात बसलेला असावा लागतो. अडचण वेगळी आहे. ही चित्रं परीक्षकाला आधीपासून पाठ असतात, म्हणून ती पटकन वाचली जातात, म्हणून त्यांना आकडा वर मिळतो, म्हणून पुढच्या वर्षी तीच पुन्हा काढली जातात. हौशी माणूस बक्षीस मिळालेल्या चित्रांकडे पाहून शिकतो. त्याची दुसरी शाळा नसते. म्हणून परीक्षकाने दिलेला आकडा हा त्या एका चित्राचा निकाल असतोच, शिवाय पुढच्या पाच वर्षांत जिल्ह्यातले कॅमेरे कुठे वळतील याची ती दिशाही असते. त्या वारकऱ्याचं नाव काय, तो कुठल्या गावचा, फोटो काढू का असं त्याला विचारलं होतं का, हे प्रश्न परीक्षकाने विचारले असते तर तोच चेहरा काढणारे लोक त्याच्याशी दोन शब्द बोलले असते, आणि माझी खात्री आहे की चित्रंही बदलली असती.

हकीकत न विचारण्याची किंमत मोठ्या स्पर्धांनी मोजली आहे. लंडनच्या त्याच स्पर्धेत २००९ चं सर्वोच्च पारितोषिक स्पेनच्या होसे लुईस रोद्रिगेस यांच्या चित्राला मिळालं: रात्रीच्या अंधारात कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणारा लांडगा. गोष्टीच्या पुस्तकातून उतरावा तसा. निकाल लागल्यावर इतर छायाचित्रकारांनी शंका काढली, की रानटी लांडगा फाटकाच्या दोन फळ्यांमधून घुसला असता, त्याच्यावरून उडी कशाला मारील? चौकशीत परीक्षकांचं मत असं झालं, की हा लांडगा बहुधा माद्रिदजवळच्या एका प्राणिउद्यानातला माणसाळलेला लांडगा आहे. छायाचित्रकाराने ते नाकारलं. जानेवारी २०१० मध्ये चित्र बाद झालं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांचं, रात्री वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊचं चित्र विजेतं ठरलं; पुढच्या वर्षी पाच शास्त्रज्ञांनी त्यातल्या प्राण्याची तुलना त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रातल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी केली आणि तेही बाद झालं; तिथेही छायाचित्रकाराने आरोप मान्य केला नाही. या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्र म्हणून त्यांच्यात काहीच बदललं नव्हतं. निकालाच्या दिवशी जी रचना, जो प्रकाश, जो क्षण होता तोच बाद होण्याच्या दिवशीही होता. बदलली ती हकीकत. ‘हा रानातला लांडगा आहे’ हे वाक्य गेलं आणि चित्रातला सगळा अर्थ त्याच्याबरोबर गेला. याचाच अर्थ असा, की पारितोषिक पहिल्यापासून त्या वाक्यालाही मिळालं होतं. फक्त ते वाक्य कुणी नीट तपासलं नव्हतं. वृत्तछायाचित्रांच्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत २०१५ साली अखेरच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के चित्रं मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद करावी लागली. तीही व्यावसायिकांची चित्रं होती.

तपासणी म्हणजे फक्त चोर पकडणं, असा समज असेल तर तो अपुरा आहे. हकीकत माहीत असेल तर एरवी बाद होणारं चांगलं चित्र वाचवताही येतं, आणि नगर जिल्ह्यासाठी मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० सालचं. क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत काळविटांचे कळप मावत नाहीत. ते बाहेर पडतात, ज्वारीच्या रानात शिरतात, पिकात उभे राहतात, विजेच्या खांबाखालून जातात, मेंढ्यांच्या कळपाशेजारी चरतात. इथल्या काळविटाचं खरं आयुष्य असं आहे. आता आंतरराष्ट्रीय छायाचित्र संघटनांनी मिळून केलेली ‘निसर्ग’ विभागाची व्याख्या पाहा: चित्रात माणूस किंवा माणसाने केलेली वस्तू चालत नाही, पाळीव जनावरं चालत नाहीत, पिकं चालत नाहीत, एक अपवाद आहे तो माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांचा, आणि तोही त्या गोष्टी निसर्गकथेचाच भाग असतील तेव्हा. ही व्याख्या मूर्खपणाची नाही; पिंजऱ्यातले आणि बागेतले फोटो बाहेर ठेवायला ती लागते. पण काही सेकंदांत बटण दाबणाऱ्या परीक्षकाला विजेचा खांब दिसतो आणि तो शून्याकडे वळतो. त्यातला अपवाद वापरायचा तर त्याला ठाऊक हवं, की कर्जतच्या काळविटाला खांब टाळताच येत नाही. हे त्याला कोण सांगणार? चित्राखालच्या दोन ओळीच सांगू शकतात. त्या नसतील तर शहाणा स्पर्धक काय करतो? खांब क्रॉप करतो, मेंढ्या चौकटीबाहेर ठेवतो, शेत धूसर करतो आणि जगात कुठेच नसलेल्या निर्मनुष्य माळावरचं काळवीट पाठवून देतो. नियमाप्रमाणे ते चित्र शुद्ध, आणि जिल्ह्याबद्दल मात्र ते चुकीची माहिती देणारं.

याच्या उलट उदाहरण मुंबईचं आहे. नयन खानोलकर यांचं ‘द ॲली कॅट’ हे चित्र २०१६ मध्ये लंडनच्या स्पर्धेत शहरी विभागात पहिलं आलं. आरे वसाहतीतल्या वारली वस्तीतली बोळ, घराची भिंत, माणसांच्या वावराच्या खुणा, आणि त्यातून आपल्याच घरी जावं तसा निघालेला बिबट्या. रानाचा टिपूसही नाही. हे चित्र कॅमेरा ट्रॅपने मिळालं. बोळीत एरवी जसा उजेड असतो तसाच वाटावा अशी दिव्यांची मांडणी खानोलकरांनी केली होती, आणि हवं ते चित्र मिळायला चार महिने गेले. वस्तीतल्या लोकांच्या संमतीवाचून हे शक्य नव्हतं. आता यातली एकेक गोष्ट वेगळी काढून पाहा: दिवे बाहेरून लावलेले, शटर दाबायला माणूस नाही, आजूबाजूला माणसांची घरं. हकीकत न सांगता हे चित्र एखाद्या कर्मठ परीक्षकासमोर ठेवलं असतं तर तिन्ही कारणांनी ते पडलं असतं. हकीकतीसकट ते बिबट्या आणि माणूस यांच्या शेजाराचं आपल्याकडचं सर्वांत प्रामाणिक चित्र ठरलं. आज अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात उसाच्या फडांतून बिबट्या घरांच्या इतका जवळ आला आहे, की असं चित्र जिल्ह्यातल्या हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यातलं आहे. ते आलं तर ते ओळखणारा परीक्षक मात्र हवा.

यावर पहिला आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे: चित्राने स्वतः बोलावं, त्याला शब्दांच्या कुबड्या कशाला? चित्रकलेच्या प्रदर्शनात हे मी मान्य करीन. छायाचित्रण स्पर्धेतही ज्या विभागाचं नाव ‘सर्जनशील’ असं आहे तिथे स्पर्धकाने चार चित्रं जोडावीत, रंग बदलावेत, आकाश उलटं टांगावं. तो कुठलाच दावा करत नाही. पण ‘वन्यजीव’, ‘वृत्त’, ‘प्रवास’, ‘लोकजीवन’ अशा नावाच्या विभागात प्रवेशिका भरली, की त्या क्षणी स्पर्धकाने एक वाक्य उच्चारलेलं असतं: हे असं घडलं आणि मी तिथे होतो. शब्द चित्रात आधीच शिरलेले आहेत. ते उघडपणे लिहून घेण्याएवढंच मी मागतो आहे. हरिश्चंद्रगडाचं इंद्रवज्र याचं चांगलं उदाहरण आहे. १८३५ मध्ये कर्नल साइक्स यांनी कोकणकड्यावरून दरीतल्या ढगांवर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद केली. छायाचित्रण जगजाहीर व्हायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता. तरी ती नोंद टिकली, कारण ती जागा, परिस्थिती आणि पाहणारा यांसकट लिहिलेली होती आणि पुढे इतरांना ती पडताळता आली. इंद्रवज्राची आणखी एक गंमत आहे: पाठीशी सूर्य आणि समोर ढग असताना पाहणाऱ्याची सावली ढगावर पडते, आणि रंगांचं वर्तुळ बरोबर त्याच्याच डोक्याच्या सावलीभोवती असतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचं वर्तुळ त्याच्या सावलीभोवती दिसतं. म्हणजे या एका दृश्यात छायाचित्रकार स्वतःची साक्ष चित्रातच ठेवून जातो. बाकीच्या सगळ्या चित्रांना ती साक्ष वेगळी जोडावी लागते.

दुसरा आक्षेप अगदी आजचा: संगणकच चित्र तयार करतो, तेव्हा हकीकतही तोच लिहून देईल, मग तिचा उपयोग काय? २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्‌समध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेन यांच्या दोन स्त्रियांच्या जुनाट वाटणाऱ्या चित्राला सर्जनशील विभागाचं पारितोषिक जाहीर झालं. आपलं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं आहे आणि त्याला छायाचित्र म्हणता येणार नाही, असं सांगून त्यांनी पारितोषिक नाकारलं. पुढच्याच वर्षी बरोबर उलटं झालं. ‘१८३९ अवॉर्ड्‌स’ या स्पर्धेत माइल्स ॲस्ट्रे यांनी मान पिसांत खुपसलेल्या, म्हणून बिनडोक्याच्या भासणाऱ्या रोहित पक्ष्याचं खरंखुरं छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवलं. त्याला परीक्षकांनीही गौरवलं आणि प्रेक्षकांनीही. खरं कळल्यावर ते बाद झालं. दोन्ही बाजूंनी एकच सिद्ध झालं: नुसत्या नजरेने हा फरक आता ओळखता येत नाही, नामांकित परीक्षकांनाही नाही. मग उरतो तो पुरावा. आणि हौशी स्पर्धेला परवडणारा सर्वांत चांगला पुरावा अगदी साधा आहे: त्या चित्राच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन फोटो. काळवीट हवेत आहे, तर त्याच्या आधी ते धावत असणार आणि नंतर जमिनीवर उतरणार. काजव्यांचे पन्नास फोटो रचले, तर ते पन्नास कुठे तरी असणार. खोटी हकीकत लिहिणं सोपं आहे. खोट्या हकीकतीला जुळणारे चार शेजारचे फोटो, तारीखवेळेसकट, तयार करणं फार अवघड. मोबाइलवाल्याकडे रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, फाइल नसेल, पण शेजारचे फोटो त्याच्याकडेही असतात. ही तपासणी सगळ्यांची करायची नाही. शेवटच्या वीस-पंचवीस चित्रांची केली तरी पुरे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: अशाने चांगलं लिहिणारा जिंकेल आणि राजूरच्या कातकऱ्याच्या किंवा महादेव कोळ्याच्या मुलाने मोबाइलवर काढलेलं चांगलं चित्र मागे पडेल. भीती खरी आहे. हकीकतीच्या नावाखाली निबंध मागवले तर तसंच होईल. म्हणून निबंध नकोच. मराठीत, बोलीत, पाच उत्तरं पुरतात: कुठे, केव्हा, किती फोटोंचं मिळून, काढल्यानंतर काय बदललं, आणि चित्रातल्या माणसाला किंवा जनावराला काय त्रास झाला. पहिल्या फेरीत परीक्षकांनी चित्रच पाहावं, हे वाचूच नये. दुसऱ्या फेरीत वाचल्याशिवाय आकडा देऊ नये. उत्तरांच्या भाषेला गुण नाहीत, उत्तरांच्या खरेपणाला आहेत. उलट, या पाच प्रश्नांत भंडारदऱ्याकाठच्या रतनवाडीच्या पोराचाच फायदा जास्त आहे. काजवे कुठल्या झाडावर कुठल्या आठवड्यात येतात, हे मुंबई-पुण्याहून शनिवारी येणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा त्याला चांगलं माहीत असतं. आजच्या रीतीत त्या माहितीला एकही गुण नाही.

पाचवा प्रश्न शेवटी ठेवला असला तरी माझ्या मते तो पहिला आहे. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. प्रौढ काजवा जगतो जेमतेम काही आठवडे. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात, मातीत आणि पाचोळ्यात, गोगलगायी खात गेलेला असतो. झाडावर बॅटरी मारली, गाडीचे दिवे चालू ठेवले, फ्लॅश उडवला, की ती साद बुजते. झाडाभोवतीची जमीन शेकडो पायांनी तुडवली, की पुढच्या पिढीची अंडी आणि अळ्या तुडवल्या जातात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या या झाडांचं एक चित्र गाजलं, की पुढच्या हंगामात तिथे वाहनांच्या रांगा लागतात. यात छायाचित्रकाराचा एकट्याचा दोष नाही, पण बक्षीस मिळालेलं चित्र म्हणजे इतरांना दिलेलं आमंत्रण असतं, हे परीक्षकाला नाकारता येणार नाही. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो आपल्याकडच्या अनेक स्पर्धांनी बंद केले, कारण ते काढताना फांद्या कापल्या जातात आणि आईबाप घरटं सोडून जातात. त्या एका नियमाने कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त घरटी वाचवली असतील, असं मला वाटतं. काजव्यांसाठी असाच नियम हवा: चित्रात बाहेरून उजेड पाडलेला असेल तर ते बाद. आणि नेमकी जागा परीक्षकांना कळवावी. प्रदर्शनात मात्र तालुक्याच्या नावापलीकडे काही लिहू नये.

नगर जिल्ह्यात स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, महाविद्यालयाला आणि वर्तमानपत्राला माझी विनंती एवढीच आहे. येत्या १९ ऑगस्टच्या स्पर्धेचा प्रवेश अर्ज छापाल तेव्हा चित्राच्या नावाखाली पाच ओळींची जागा सोडा, तिच्यापुढे ते पाच प्रश्न छापा, आणि ती जागा कोरी ठेवून आलेलं चित्र, कितीही देखणं असलं तरी, अंतिम फेरीत नेऊ नका.